चुंबकातलं उळं: आण्णांचा डबा आणि माझ्या आठशे बिया

बसमध्ये असाल, हॉस्टेलच्या गच्चीवर असाल, नाहीतर रात्रपाळीच्या लाइटीत कांद्याला पाणी भरत असाल, कानात इअरफोन असतील तर आवाज थोडा वाढवा. आजचा भाग माझ्या घरातला आहे.

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतेय. अडखळले ते काढलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

तर झालं असं. गणपती नुकतेच गेले होते. मी नाशिकहून दोन दिवस गावी गेले. आमचं गाव निफाड तालुक्यात, म्हणजे द्राक्ष आणि कांदा. पडवीत आण्णा, म्हणजे माझे मोठे काका, एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यासमोर बसलेले. डब्याला बाहेरून गोल-गोल चुंबकं बसवलेली. आत मूठभर उळं. आमच्याकडे कांद्याच्या बियाण्याला उळं म्हणतात, हे शहरातल्या मंडळींसाठी सांगते.

मी म्हटलं, "आण्णा, हे काय नवीन?"

"बियाणं जागं करायचं मशीन आहे पोरी. दोन तास आत ठेवायचं. उगवण वाढते, बी निम्मं लागतं. रील बघितली नाहीस का?"

आणि त्यांनी फोन पुढे केला. रीलमध्ये दोन ट्रे. एकात दाट हिरवं रोप, दुसऱ्यात विरळ. मागे जोरदार संगीत. शेवटी एक मूळ चुंबकाकडे वळताना दाखवलेलं.

डब्याची किंमत अठरा हजार. आण्णांनी दोन हजार इसार दिला होता आणि विकणारा माणूस डबा वापरून बघायला ठेवून गेला होता.

आता आण्णांचा हिशेब ऐका. त्यांच्याकडे गेल्या वर्षीचं घरचं, डोंगळ्याचं, चार किलो उळं शिल्लक होतं. उन्हाळ कांदा करायचा होता दोन एकर. एकरी साधारण तीन किलो बी लागतं, म्हणजे दोन किलो कमी पडत होतं. पण डब्याने बी निम्मं लागणार असेल तर चार किलोत दोन एकर आरामात. नवीन उळं विकत घ्यायला नको, आणि डबा पुढची दहा वर्षं कामाला येणार.

ऐकायला बरोबर वाटतं. फक्त एक अडचण. डब्याचं म्हणणं खोटं निघालं, तर ते कळणार डिसेंबरात, लागवडीच्या तोंडावर, जेव्हा रोप कमी पडलेलं असेल. त्या वेळी विकतचं रोप मिळालं तर मिळालं, ते पण सांगेल त्या भावाने.

हे सगळं थोतांड आहे का?

माझी पहिली प्रतिक्रिया तुमच्यासारखीच होती. "आण्णा, फसवलं तुम्हाला." बीएस्सी बॉटनी झालेली पुतणी दुसरं काय बोलणार? पण रात्री शोधायला बसले आणि जरा गप्प झाले. कारण या विषयावर खरंच संशोधन झालेलं आहे, आणि तेही आपल्या देशात.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत अनंता वशिष्ठ आणि शांता नागराजन यांनी हरभऱ्याचं कोरडं बी चुंबकीय क्षेत्रात ठेवून पाहिलं. ते काम २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. ५० ते २५० मिलिटेस्ला इतकं क्षेत्र, आणि वेळ एक ते चार तास. त्यांना उगवण लवकर झालेली आणि रोपं लांब, वजनदार झालेली दिसली. नंतर २०१० मध्ये सूर्यफुलावरही त्यांचं काम आलं. मुंबई-आग्रा रोडने आपण नाशिकहून निघालो की धुळ्याच्या पुढे इंदूर लागतं. तिथल्या देवी अहिल्या विश्वविद्यालयात के. एन. गुरुप्रसाद आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनवर असेच प्रयोग केले. २०११ च्या त्यांच्या कामात १५० आणि २०० मिलिटेस्लामध्ये तासभर ठेवलेल्या बियांचे निकाल चांगले आले.

मिलिटेस्ला म्हणजे काय, हे पटकन सांगते. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राची ताकद मोजायचं एकक. गाडीचा इथे संबंध नाही. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र, ज्यावर तुमच्या फोनमधलं होकायंत्र चालतं, ते आपल्याकडे साधारण ४० मायक्रोटेस्ला आहे. एक हजार मायक्रोटेस्ला म्हणजे एक मिलिटेस्ला. म्हणजे १०० मिलिटेस्लाचं क्षेत्र हे पृथ्वीच्या क्षेत्राच्या अडीच हजार पट झालं. दवाखान्यातलं एमआरआय मशीन बहुतेक वेळा दीड टेस्लाचं असतं, म्हणजे दीड हजार मिलिटेस्ला.

आणि हे क्षेत्र चुंबकापासून लांब गेलं की झपाट्याने कमी होतं. प्रयोगशाळेत बी दोन ध्रुवांच्या मधल्या अरुंद फटीत, मोजलेल्या क्षेत्रात ठेवतात. आण्णांच्या डब्यात कडेच्या बीला एक क्षेत्र आणि मधल्या बीला भलतंच कमी. किती, ते डब्यावर लिहिलेलंच नव्हतं.

अजून एक गंमत. हरभऱ्याच्या प्रयोगात जास्त चुंबक म्हणजे जास्त फायदा असं दिसलं नाही. ५० मिलिटेस्लाला दोन तास चांगले, १०० ला एक तास, १५० ला परत दोन तास. पाच ताकदी आणि चार वेळा, म्हणजे वीस जोड्या होतात. वीस जोड्या तपासल्या की त्यातली एखाद-दुसरी निव्वळ योगायोगानेही पुढे दिसू शकते. म्हणून ती जोडी परत नव्या बियांवर, दुसऱ्या माणसांनी, दुसऱ्या गावात तपासावी लागते. हे कोणा एकाच्या कामावर बोट ठेवणं नाही. अशा सगळ्याच प्रयोगांना हे लागू होतं.

आणि रीलमधलं ते वळणारं मूळ? तेही पूर्ण खोटं नाही बरं का. मुळाच्या टोकाच्या पेशींमध्ये स्टार्चचे कण असतात. ते खाली बसतात, त्यावरून मुळाला खालची दिशा कळते. १९९६ मध्ये अमेरिकेत कुझनेत्सोव्ह आणि हॅसेनस्टाइन यांनी जवसाच्या मुळाशेजारी असं क्षेत्र तयार केलं जे अगदी थोड्या अंतरात झपकन बदलतं. त्याने स्टार्चचे कण ढकलले गेले आणि मूळ वळलं. पण त्यासाठी बारकाईची मांडणी लागते. बी दोन तास डब्यात ठेवून बाहेर काढलं, तर त्याचा या वळण्याशी काही संबंध नाही.

म्हणजे विषय खोटा नाही. पण विषय खरा आहे म्हणून आण्णांचा डबा खरा ठरत नाही. आणि डबा खरा की खोटा, हे इंटरनेट मला सांगू शकत नव्हतं. मग ठरवलं, आपणच बघू.

पहिला प्रयोग: चुंबक जिंकलं

डबा आणि मूठभर उळं घेऊन मी नाशिकला आले. दोन स्टीलच्या ताटल्या, त्यात ओला केलेला टिश्यू पेपर. एका ताटलीत डब्यात दोन तास ठेवलेल्या १०० बिया. दुसरीत तशाच, साध्या १०० बिया. वरून दुसरी ताटली उपडी घातली. कांद्याला घाई करून चालत नाही. बीज परीक्षणात कांद्याची शेवटची मोजणी बाराव्या दिवशी करतात, मीही तेच ठरवलं.

बाराव्या दिवशी मोजलं. चुंबकवाल्या ६१ उगवल्या. साध्या ५२.

खरं सांगू? मला आनंद झाला. फोटो काढला, आण्णांना पाठवला. त्यांचा लगेच फोन. "बघ! मी म्हटलं होतं ना?" उरलेले सोळा हजार ते दुसऱ्या दिवशी देणार होते.

पण मनात काहीतरी खटकत होतं. म्हणून त्याच संध्याकाळी कॉलेजातल्या आमच्या बॉटनीच्या मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "चुंबक न लावलेल्या दोन ताटल्या ठेवल्या असत्यास, तर दोन्हीत सारख्याच उगवल्या असत्या का?"

मी म्हटलं, "हो मग. बी एकच आहे ना मॅडम."

"बघ ठेवून."

मी आण्णांना हात जोडून सांगितलं, बारा दिवस थांबा. ते कुरकुरले. पण थांबले.

दुसरा प्रयोग: चुंबक नाही विरुद्ध चुंबक नाही

हा प्रयोग ऐकायला अगदी येडपट वाटतो. दोन ताटल्या, दोन्हीत साधं उळं, डब्याचा संबंधच नाही. एकीवर क लिहिलं, दुसरीवर ख.

बारा दिवसांनी क मध्ये ५७. ख मध्ये ४९.

आठचा फरक! काहीही न करता!

हा आकडा बघून मी स्वयंपाकघरात खालीच बसले. कारण चुंबकाचा माझा "विजय" नऊचा होता. आणि काहीच न केल्याचा "विजय" आठचा.

यात जादू काही नाही. १०० वेळा नाणं उडवलं तर दर वेळी बरोबर ५० छापे पडत नाहीत. कधी ४५, कधी ५६. बियांचंही तसंच. म्हणूनच बीज परीक्षण प्रयोगशाळेत नमुन्याच्या १०० नाही, ४०० बिया लावतात. शंभरावर भरवसा ठेवला तर बियाण्याचा न्याय नशिबावर होतो.

मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला तो जास्त लागला. "पाणी कोण घालत होतं? मोजत कोण होतं?"

मीच! आणि आठवून बघितलं तर चुंबकवाली ताटली मी दिवसातून चार वेळा उघडून बघत होते. टिश्यू जरा सुकलेला दिसला की शिंपडत होते. साध्या ताटलीकडे सकाळी एकदा. मोजतानाही तसंच. एखाद्या बीला पांढरा ठिपकाएवढा मोड असेल तर तो उगवला म्हणायचा की नाही? चुंबकवाल्या ताटलीत मी म्हणत होते, "हो हो, आलाय." साध्या ताटलीत म्हणत होते, "नाही, अजून नाही."

मी खोटं बोलत नव्हते. मला कळतच नव्हतं. आणि हेच सगळ्यात वाईट आहे.

तिसरा प्रयोग: मला न सांगता

आता आण्णांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, मदतीला आला. तो नाशिकला आयटीआय करतो. सगळ्यांना तो सोन्या म्हणूनच माहीत आहे. मी आठशे बिया मोजून दिल्या. आठशे म्हणजे फार नाही हं, कांद्याचं बी इतकं हलकं असतं की ते जेमतेम तीन ग्रॅम भरतं. सोन्याने त्यातल्या ४०० दोन तास डब्यात ठेवल्या. बाकीच्या ४०० तितकाच वेळ तशाच दुसऱ्या डब्यात, चुंबकाशिवाय. मग आठ ताटल्या, प्रत्येकी १००. चिठ्ठ्या टाकून त्याने १ ते ८ नंबर दिले. कुठल्या नंबरात काय आहे ते वहीत लिहिलं आणि वही स्वतःच्या बॅगेत ठेवली.

मी सगळ्या ताटल्यांना सकाळ-संध्याकाळ चमच्याने मोजून सारखं पाणी घातलं. रोज ताटल्यांची जागा बदलली, कारण खिडकीजवळची आणि ओट्याजवळची हवा सारखी नसते. आणि आधीच ठरवून लिहून ठेवलं: मूळ बीच्या लांबीइतकं बाहेर आलं तरच उगवलं म्हणायचं.

बाराव्या दिवशी मोजलं, आकडे कागदावर लिहिले. मग सोन्याने वही उघडली.

चुंबकवाल्या ४०० पैकी २१९. साध्या ४०० पैकी २२३.

सोन्या म्हणाला, "ताई, म्हणजे साधं जिंकलं?"

म्हटलं, "नाही रे. कोणीच जिंकलं नाही. डब्याने काही केलं नाही, एवढंच."

मोठ्यांचंही असंच असतं

तुम्हाला वाटेल, ही घरगुती ताटल्यांची गोष्ट. पण मोठ्या प्रयोगशाळांतही हेच घडतं. २००७ मध्ये मार्गारेट अहमद आणि सहकाऱ्यांनी अरॅबिडॉप्सिस नावाच्या, मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर काम प्रसिद्ध केलं. निळ्या उजेडात वाढणारी रोपं ५०० मायक्रोटेस्लाच्या क्षेत्रात ठेवली तर त्यांच्या कोंबाची वाढ बदलते, असा तो निकाल होता. त्यामागे क्रिप्टोक्रोम नावाचं प्रथिन असावं, असं म्हटलं होतं. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना दिशा कळण्यामागेही हेच प्रथिन असावं असं मानतात, त्यामुळे चर्चा खूप झाली. दोन वर्षांनी, २००९ मध्ये, ऑक्सफर्डच्या गटाने तेच प्रयोग अधिक काटेकोरपणे परत केले. त्यांना परिणाम दिसलाच नाही.

यात कोणी कोणाला फसवलं असं नाही. एकाने सांगितलं, दुसऱ्याने तपासलं. विज्ञान म्हणजे हेच, आणि रीलमध्ये नेमकं हेच नसतं.

आपल्या महाराष्ट्रातलं एक उदाहरण मला फार आवडतं. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजणारी जुनी वेधशाळा होती. मुंबईत विजेची ट्राम येणार हे कळल्यावर तिथल्या लोकांना चिंता पडली, कारण ट्रामच्या विजेने मोजमाप बिघडणार. म्हणून अलिबागला नवी वेधशाळा बांधली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. पण कुलाबा लगेच बंद केलं का? नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजत राहिले, म्हणजे नवे आकडे जुन्याशी जुळवून घेता येतील. मग कुलाब्याचं मोजमाप थांबवलं. ट्राम धावली १९०७ मध्ये.

दोन वर्षं दोन ठिकाणी तेच काम! आणि मला बारा दिवस थांबायचा कंटाळा येत होता.

लासलगावचा प्रश्न

आण्णांना निकाल सांगायला गेले तेव्हा त्यांनी सोडलं नाही. म्हणाले, "मग लासलगावला कांद्यावर किरणं मारतात ते काय? ती तरी कुठे दिसतात?"

प्रश्न एकदम बरोबर होता. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये 'कृषक' नावाचं केंद्र उभं केलं. तिथे कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडतात, त्याने साठवणुकीत कांद्याला मोड येत नाहीत. २००७ मध्ये आपला हापूस अमेरिकेला गेला तोही तिथूनच प्रक्रिया होऊन.

मी म्हटलं, "आण्णा, न दिसणारी प्रत्येक गोष्ट खोटी, असं मी म्हणतच नाही. पण तिथे डोस किती द्यायचा ते मोजलेलं आहे. किरण कांद्याच्या आतल्या कोंबाच्या पेशींचं विभाजन थांबवतात, म्हणजे कसं होतं तेही माहीत आहे. आणि वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या लोकांनी केलं तरी तेच होतं. तुमच्या डब्यावर ताकदच लिहिलेली नाही."

आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. इसाराचे दोन हजार गेले, ते त्यांना लागलं होतं. विकणाऱ्या माणसाने फोनवर "तुम्ही नीट ठेवलं नसेल" एवढंच सांगितलं. डबा घेऊन गेला, पैसे परत केले नाहीत.

मग काकू आतून म्हणाल्या, "ते चुंबकाचं जाऊ द्या. आठशेतल्या साडेतीनशेच्या वर उगवल्याच नाहीत, त्याचं काय?"

बघा! एवढे दिवस मी चुंबक-चुंबक करत बसले आणि खरी बातमी काकूंनी पकडली. आमचं उळं फक्त ५५ टक्के उगवत होतं. प्रमाणित कांदा बियाण्याला उगवण किमान ७० टक्के लागते. कांद्याचं बी फार काळ टिकत नाही, वर्षभरात त्याची ताकद उतरते. घरच्या जुन्या बियाण्याचं तेच झालं होतं.

आता हिशेब सरळ होता. चार किलोतलं ५५ टक्के म्हणजे दोन किलो दोनशे ग्रॅम जिवंत बी. तीन किलो चांगल्या बियाण्यातलं ७० टक्के म्हणजे दोन किलो शंभर ग्रॅम. म्हणजे आमच्याकडे होतं ते एक एकराचंच बी, दोन एकराचं नाही. आण्णांनी जुनं चारही किलो एका एकरासाठी दाट टाकलं आणि दुसऱ्या एकरासाठी तीन किलो नवीन विकत आणलं. जुन्या उळ्याचे वाफे मध्ये-मध्ये विरळ होते, रोपही जरा बारीक होतं. पण डिसेंबरात दोन्ही एकरांना रोप पुरलं. डब्याच्या भरवशावर राहिले असते तर अर्धं रान मोकळं राहिलं असतं.

तुम्ही काय कराल?

घरी शेती असेल तर या हंगामात पेरणीआधी एवढं करा. बियाण्याच्या पिशवीतून, वरच्या-खालच्या सगळ्या थरांतून थोडं-थोडं बी घ्या. १०० च्या चार ताटल्या लावा. बाराव्या दिवशी मोजा. खर्च टिश्यू पेपरचा. चुंबक, मंत्र, संगीत, टॉनिक, काहीही तपासायचं असेल तर निम्म्या ताटल्या साध्या ठेवा आणि कुठली कुठली हे दुसऱ्या कोणाला तरी गुप्त ठेवायला सांगा. आणि सगळ्यात आधी, एकदा तरी, 'काहीच नाही विरुद्ध काहीच नाही' करून बघा. आपले स्वतःचे डोळे आपल्याला किती फसवतात ते कळेल. माझे मला कळले.

मूग किंवा मेथी घेतलीत तर बारा दिवसही लागत नाहीत, तीन-चार दिवसांत निकाल. हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी तर करायलाच हवं, नंतर उसळ होते.

केलंत तर आकडे व्हॉइस नोटने पाठवा. फरक आला तरी पाठवा, नाही आला तरी पाठवा. "काहीच झालं नाही" हे आकडे मला जास्त हवेत, कारण ते कोणी सांगत नाही.

आण्णा हा भाग ऐकणार आहेत. त्यांनी परवानगी देताना एकच अट घातली, ती सांगून थांबते. म्हणाले, "मला येड्यात काढू नकोस. पहिल्या वेळी तूपण फोटो पाठवला होतास."

पाठवला होता, आण्णा. मान्य.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.